द्राक्षाच्या पेटीमागील नोंद
साखळीवही म्हणजे काय, ती काय करू शकते व काय करू शकत नाही

नाशिक, सांगली व सोलापूर या जिल्ह्यांतून युरोपात जाणाऱ्या द्राक्षांच्या प्रत्येक पेटीवर क्रमांक छापलेला असतो. बागाईतदार तो पुष्कळदा पाहतो, परंतु पेटी कंटेनरमध्ये चढली म्हणजे त्या क्रमांकाशी आपला संबंध संपला असे मानतो. वस्तुतः संबंध तेथून पुढेच सुरू होतो. जहाजाने कित्येक आठवडे प्रवास करून माल परक्या बंदरात उतरल्यावर तेथील अधिकाऱ्याच्या मनात शंका आली, तर तो त्याच क्रमांकावरून मागे मागे चालत येतो. पेटीवरून पॅकहाऊस, पॅकहाऊसवरून बागेचा प्लॉट आणि प्लॉटवरून त्या प्लॉटवर कोणते औषध कोणत्या दिवशी फवारले ती नोंद, असा हा माग असतो. या मागातील एक जरी दुवा तुटला, तरी निर्दोष माल व सदोष माल यांत भेद करण्याचे साधन उरत नाही आणि दोघांनाही एकच शिक्षा होते.

अशा नोंदी ठेवण्याची 'ब्लॉकचेन' नावाची पद्धत अलीकडे पुष्कळ चर्चिली जाते. कंपन्यांचे प्रतिनिधी गावोगावी येऊन तिच्याविषयी सांगतात. कोणी भाव वाढेल म्हणतात, कोणी दलाल नाहीसा होईल म्हणतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना शेतकरी याबाबत प्रश्न विचारतात व त्यांना नीट उत्तर देता आले पाहिजे, यास्तव या पद्धतीची रचना येथे सोप्या रीतीने सांगितली आहे. ब्लॉकचेन म्हणजे एकमेकांस जखडलेल्या पानांची वही. म्हणून या पाठात तिला साखळीवही म्हटले आहे.

माग का लागतो

मागाचे महत्त्व पटण्यास मेथीचे उदाहरण पुरेसे आहे. २०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत आतड्याच्या एका भयंकर रोगाची साथ पसरली. पन्नासांहून अधिक माणसे दगावली. प्रारंभी संशय स्पेनमधून आलेल्या काकडीवर घेण्यात आला. ही बातमी पसरताच स्पेनमधील शेतकऱ्यांच्या भाजीपाल्याची मागणी कोसळली व तयार माल शेतातच सोडून देण्याची पाळी आली. पुढे तपासाअंती असे आढळले की, काकडीचा काहीच दोष नव्हता. रोगाचे जंतू मोड आलेल्या बियांतून पसरले होते. अनेक गावांतील रोग्यांनी कोणत्या उपाहारगृहात काय खाल्ले व तेथे माल कोठून आला होता, हे एकेक करून जुळवले, तेव्हा माग ईजिप्तमधून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत पोहोचला. त्यानंतर ईजिप्तमधील काही बियाण्यांची आयात युरोपने काही काळ बंद केली.

स्पेनच्या शेतकऱ्यांचे नुकसान जंतूंनी केले नाही, ते मागाला लागलेल्या वेळाने केले. जोपर्यंत खरा मार्ग सापडत नाही तोपर्यंत संशय जवळच्या मालावर बसतो. आणि ईजिप्तच्या बाजूने पाहिले तर तेथील अनेक शेतकऱ्यांचे बी एकत्र होऊन गेलेले. त्यांतील कोणाचे चांगले व कोणाचे वाईट हे वेगळे काढता न आल्यामुळे बंदी सर्वांवर आली. लहान शेतकऱ्यांच्या देशांपुढे हीच मोठी अडचण आहे. मोठ्या मळ्याचा माल एका मालकाचा असतो. आपल्याकडे मात्र एका कंटेनरमध्ये अनेक खातेदारांची द्राक्षे असू शकतात.

आपल्याकडील व्यवस्था व २०१० चा धडा

युरोपच्या अन्नकायद्याने १ जानेवारी २००५ पासून प्रत्येक व्यापाऱ्यावर असे बंधन घातले की, आपण माल कोणाकडून घेतला व कोणाला दिला हे त्याने दाखवता आले पाहिजे. भारतात कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरण म्हणजे अपेडा, या संस्थेने २००६ च्या सुमारास द्राक्षासाठी 'ग्रेपनेट' ही संगणकीय नोंदव्यवस्था सुरू केली. निर्यातीची बाग प्रथम कृषी विभागाकडे नोंदवावी लागते व तिला क्रमांक मिळतो. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा त्या प्लॉटमधून नमुना घेऊन औषधांचे अवशेष तपासते. नमुना उतरला तरच माल मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्ये जातो व तेथून पुढे ॲगमार्क व वनस्पति-आरोग्य दाखले मिळतात. हे सर्व टप्पे त्या एकाच क्रमांकाभोवती गुंफलेले असतात. द्राक्षासाठी उभारलेली ही व्यवस्था पुढे डाळिंब, आंबा व भाजीपाला यांनाही लागू करण्यात आली.

इतकी चांगली व्यवस्था असूनही २०१० च्या हंगामात महाराष्ट्रातील द्राक्षांवर मोठे संकट आले. युरोपात पोहोचलेल्या मालात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. बागाईतदार यास सीसीसी या नावाने ओळखतात. तेथील मर्यादा किलोस ०.०५ मिलिग्रॅम इतकी अल्प होती. कंटेनर अडकले, खरेदीदारांनी माल नाकारला आणि अनेक कुटुंबांचे वर्षाचे उत्पन्न बुडाले. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत.

या प्रसंगात नोंदींची साखळी तुटलेली नव्हती. पेटीवर क्रमांक होता, प्लॉटची नोंदणी होती, प्रयोगशाळेचा दाखलाही होता. परंतु त्या वेळी तपासावयाच्या द्रव्यांच्या यादीत सीसीसीचा समावेश नव्हता. शिवाय हे द्रव्य एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीची वाढ रोखण्यासाठी वापरले जात असे, म्हणजे फळ येण्याच्या कितीतरी आधी. ते वेलीत दीर्घकाळ टिकून राहते व पुढे घडात उतरते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात आली नव्हती. ज्याने फळछाटणीनंतरच्याच फवारण्या वहीत लिहिल्या, त्याची वही स्वच्छ होती. आणि तरीही माल नाकारला गेला. पुढे हे द्रव्य तपासणीच्या यादीत घेण्यात आले. साखळीवहीविषयी कोणी कितीही मोठी आश्वासने दिली, तरी हे उदाहरण विसरू नये.

साखळीवहीची रचना

बाजार समितीत आडत्याची वही आडत्याजवळ असते व शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी येते. दोहोंत फरक पडला तर कोणाचे खरे, हा वाद उभा राहतो. साखळीवहीत एकच वही सर्व संबंधितांकडे असते. शेतकरी गट, पॅकहाऊस, प्रयोगशाळा, निर्यातदार व परदेशी खरेदीदार या प्रत्येकाच्या संगणकात तिची प्रत राहते व नवी नोंद झाली की ती सर्व प्रतींत एकदम उतरते. हा पहिला विशेष.

दुसरा विशेष म्हणजे पानांची जखडणी. प्रत्येक पानावरील मजकुरावरून गणिताने एक खूणक्रमांक काढला जातो व तो पुढील पानाच्या गणितात धरला जातो. शाळेतील मुलासही करता येईल असे एक उदाहरण घेऊ. नियम असा की, मागील पानाचा खूणक्रमांक अधिक या पानावरील क्रेटची संख्या, या बेरजेस ७ ने गुणावे व गुणाकाराचे शेवटचे तीन अंक नवा खूणक्रमांक म्हणून घ्यावेत. आरंभीचा अंक १११ मानू.

पहिल्या पानावर ४२ क्रेट आहेत. १११ व ४२ मिळून १५३ आणि त्याची सातपट १,०७१. म्हणून खूणक्रमांक ०७१. दुसऱ्या पानावर ३५ क्रेट आहेत. ७१ व ३५ मिळून १०६ आणि सातपट ७४२. तिसऱ्या पानावर ५८ क्रेट आहेत. ७४२ व ५८ मिळून ८०० आणि सातपट ५,६००; म्हणून खूणक्रमांक ६००.

आता कोणी मागाहून दुसऱ्या पानावरील ३५ खोडून ३० केले, तर त्या पानाचा खूणक्रमांक ७४२ ऐवजी ७०७ होतो आणि तिसऱ्या पानाचा ६०० ऐवजी ३५५ होतो. इतर चौघांच्या प्रतींत ६०० असताना एकाच प्रतीत ३५५ दिसते व चोरी उघडी पडते. चर्चासभेत शेतकऱ्यांकडून फळ्यावर हे गणित करवून घ्यावे. नुसत्या व्याख्यानापेक्षा ते अधिक लवकर समजते.

प्रत्यक्षातील गणित अर्थातच याहून फार कठीण असते. त्यात अंकांबरोबर अक्षरांचाही समावेश होतो व एक काना बदलला तरी संपूर्ण खूणक्रमांक बदलतो. खूणक्रमांक तोच ठेवून मजकूर बदलण्याची युक्ती या गणितात व्यवहारतः सापडत नाही. ही कल्पना अगदी नवी आहे असेही नाही. कागदपत्रांवर अशी जखडलेली काळखूण घालण्याची रीत हेबर व स्टॉर्नेटा या दोन शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये मांडली होती आणि १९९५ पासून असे खूणक्रमांक एका अमेरिकन दैनिकाच्या जाहिरातींत छापले जात, जेणेकरून ते मागाहून कोणास बदलता येऊ नयेत. २००८ मध्ये बिटकॉइन या चलनाचा आराखडा प्रसिद्ध झाला, त्यानंतर ही रीत जगभर गाजली. शेतमालाच्या साखळीवहीचा त्या चलनाच्या सट्ट्याशी काही संबंध नाही. पुष्कळ शेतकरी या नावानेच बिचकतात, म्हणून हे स्पष्ट सांगावे.

कोठे उपयोग झाला

२०१६-१७ मध्ये अमेरिकेतील वॉलमार्ट या दुकानदार कंपनीने मेक्सिकोतून येणाऱ्या आंब्यावर प्रयोग केला. कापलेल्या आंब्याचे एक पाकीट घेऊन त्याची बाग शोधण्यास जुन्या कागदपत्रांनी ६ दिवस १८ तास २६ मिनिटे लागली. साखळीवहीत तेच काम २.२ सेकंदांत झाले. येथे ध्यानात घ्यावे की, माहिती दोन्ही वेळा उपलब्ध होती. पहिल्या वेळी ती निरनिराळ्या कपाटांत होती, दुसऱ्या वेळी एका वहीत होती. आपल्या देशात कॉफी बोर्डाने मार्च २०१९ मध्ये कॉफीच्या विक्रीसाठी या पद्धतीचा प्रायोगिक बाजार सुरू केला, तर मिरची व हळदीच्या मागासाठी मसाला मंडळाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाबरोबर २०२१ मध्ये करार केला.

खोट्या दाखल्यांच्या बाबतीत या पद्धतीचा उपयोग विशेष आहे. २०२० मध्ये भारतातील सेंद्रिय कापसाच्या व्यापारात सुमारे २०,००० टन कापूस बनावट दाखल्यांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेल्याचे उघडकीस आले. दाखल्यावरील चौकोनी संकेतखूण मोबाइलने तपासली असता सरकारी व्यवस्थेसारखे दिसणारे खोटे पान उघडत असे. दाखला ज्याच्या हाती, त्याच्याच सांगण्यावर विश्वास ठेवावा लागत असल्यामुळे हे शक्य झाले. दाखल्याचा खूणक्रमांक पाच ठिकाणच्या वह्यांत असता, तर सहावी खोटी वही निर्माण करून भागले नसते. अशा लबाडीचा भार शेवटी खऱ्या सेंद्रिय शेतकऱ्यावर पडतो, कारण विश्वास उडाला की त्याच्या मालाचाही वाढावा जातो.

जेथे साखळीवही असमर्थ ठरते

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? साखळीवही लिहिलेले बदलू देत नाही, परंतु लिहिलेले खरे आहे की नाही हे तिला कळत नाही. खोटी नोंद एकदा आत गेली की तीही खऱ्या नोंदीइतकीच अढळ होऊन बसते.

समजा, दोघा भावांच्या बागा शेजारी आहेत. थोरल्याचा प्लॉट नोंदलेला व तपासलेला आहे, धाकट्याचा नाही. काढणीच्या दिवशी थोरल्याचे ४२ क्रेट भरले असता धाकटा म्हणतो, "दादा, माझे आठ क्रेट तुझ्याच नंबरावर जाऊ दे, बाजारात काय भाव आहे ते तू पाहतोसच." थोरल्यास नाही म्हणवत नाही. तो म्हणतो, "बरं, घाल. आपल्या घरचीच द्राक्षं आहेत." वहीत ५० क्रेट पडतात. पुढे प्रयोगशाळा, पॅकहाऊस व खरेदीदार या सर्वांच्या वह्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात, परंतु सर्वच असत्य असतात. त्या आठ क्रेटमध्ये अवशेष निघाले तर दोषी थोरला ठरतो. त्याचा प्लॉट बाद होतो व ज्याच्यासाठी हे केले त्या भावाचे नाव कोठेच येत नाही. ही गोष्ट दुष्टपणाने घडत नाही, नात्यामुळे घडते. म्हणूनच ती थांबवणे अवघड आहे.

येथे यंत्रापेक्षा गावात वावरणाऱ्या कार्यकर्त्याचा उपयोग अधिक आहे. त्याला त्या प्लॉटवरील वेलींची संख्या ठाऊक असते, बहर कसा आहे हे त्याने पाहिलेले असते. एकरी उत्पन्नाचा अंदाज काढणीपूर्वीच नोंदून ठेवला, तर ४२ च्या ठिकाणी ५० क्रेट आल्यावर प्रश्न विचारता येतो. आणि धाकट्याचा प्लॉट वेळेवर नोंदवून देणे हा त्यावरील खरा उपाय आहे. नोंदणीची मुदत हुकल्यामुळे पुष्कळ चांगला माल असा आडमार्गाने जातो.

दुसरा प्रश्न खर्चाचा व मालकीचा आहे. एका मोठ्या जहाज कंपनीने व एका संगणक कंपनीने मिळून २०१८ मध्ये जागतिक मालवाहतुकीसाठी 'ट्रेडलेन्स' नावाची साखळीवही चालू केली. तीत जगातील सर्व संबंधित सामील होतील अशी अपेक्षा होती. तसे सहकार्य मिळाले नाही, नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करण्याचे जाहीर झाले व २०२३ च्या आरंभी ती बंद पडली. एवढ्या बलाढ्य संस्थांची वही पाच वर्षे टिकली नाही, तर एखाद्या निर्यातदाराचे मोबाइलवरील ॲप कायम टिकेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. ॲप बंद पडले तरी शेतकऱ्याची कागदी वही घरात राहिली पाहिजे.

सर्व पिकांना साखळीवही हवीच असेही नाही. जेथे एक विश्वासू सरकारी संस्था नोंदी सांभाळते व सर्वजण ते मान्य करतात, तेथे ग्रेपनेटसारखी साधी व्यवस्था स्वस्त पडते व पुरेशी ठरते. ग्रेपनेटची खरी उणीव २०१० मध्ये दिसली ती नोंदी बदलल्या जाण्याची नव्हती, प्रश्न अपुरे विचारले जाण्याची होती. ती साखळीवहीने भरून निघाली नसती. जेथे अनेक देशांतील एकमेकांस अपरिचित व्यापारी आहेत आणि कोणा एकाच्या वहीवर इतरांचा विश्वास नाही, तेथे मात्र या पद्धतीला अर्थ आहे. युरोपने २०२३ मध्ये केलेल्या जंगलतोडविषयक कायद्यानुसार कॉफी, कोको, रबर इत्यादी माल ज्या जमिनीत पिकला तिचे अक्षांश-रेखांश द्यावे लागणार आहेत व ती जमीन ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून काढलेली नसावी अशी अट आहे. त्याच्या अंमलाची तारीख पुढे ढकलली गेली आहे. या कायद्यातही साखळीवहीच वापरा असे म्हटलेले नाही. मागणी जमिनीच्या खऱ्या माहितीची आहे. वही कोणतीही चालेल.

शेतकऱ्याने काय लिहावे व काय विचारावे

फवारणीची नोंद त्याच दिवशी, शक्य तर शेतातच लिहावी. औषधाचे व्यापारी नाव पुरेसे नाही. डब्यावरील तांत्रिक घटकाचे नाव, त्याचे प्रमाण व बॅच क्रमांकही लिहावा, कारण प्रयोगशाळा घटक शोधते, व्यापारी नाव शोधत नाही. पाणी किती लिटर वापरले, कोणता पंप वापरला, काढणीस किती दिवस राहिले हेही त्याच ओळीत यावे. वहीचा आरंभ खरड छाटणीपासून करावा, फळछाटणीपासून नव्हे. संजीवके व वाढरोधके ही औषधे नव्हेत अशा समजुतीने ती वगळली जातात, तसे करू नये. दुकानदाराची पावती वहीस टाचून ठेवावी. घरातील मुलास मोबाइल वापरता येत असल्यास फवारणीच्या दिवशी डब्याचे छायाचित्र काढून ठेवावे. ई-पीक पाहणीमुळे शेतातून छायाचित्रासह नोंद करण्याची सवय २०२१ पासून पुष्कळांना झालेली आहे, तिचा येथे उपयोग होतो.

चूक झाल्यास खाडाखोड करू नये. चुकलेली ओळ वाचता येईल अशी एका रेघेने छेदावी व खाली दुरुस्ती, दिनांक व सही घालावी. साखळीवहीतही दुरुस्ती अशीच, नवी नोंद करून होते. जुनी नाहीशी होत नाही.

जुनी नोंद नाहीशी होत नाही, म्हणूनच तीत काय घालू द्यावे याविषयी सावध असावे. आधार क्रमांक, बँकेचे खाते, कुटुंबाची माहिती यांची मालाच्या मागाला गरज नसते. प्लॉटचा क्रमांक पुरेसा आहे. वैयक्तिक माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा हक्क २०२३ च्या केंद्रीय कायद्याने मान्य केला आहे, परंतु पुसता न येणाऱ्या वहीत ती एकदा गेली तर तो हक्क बजावणे कठीण होईल.

एखादी कंपनी किंवा निर्यातदार गटाकडे असा प्रस्ताव घेऊन आला, तर बैठकीत चार गोष्टी विचाराव्यात. वहीची प्रत आमच्या गटाकडे राहील काय? आमच्या नोंदी दुसऱ्या खरेदीदारास दाखवण्यास आम्ही मोकळे आहोत काय? उपकरणे, तपासणी व नोंद करणाऱ्या माणसाची मजुरी यांचा खर्च कोणाकडे? आणि नोंद ठेवल्याबद्दल किलोमागे किती अधिक भाव, हे करारात लिहून देणार काय? पहिल्या प्रश्नास नकार आला, तर ती साखळीवही नव्हे. ती खरेदीदाराची खासगी वही आहे असे समजावे व आपली कागदी वही तर अधिकच काळजीपूर्वक ठेवावी. चौथ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी मिळाल्यास बैठकीच्या इतिवृत्तात ते शब्दशः उतरवून त्याखाली प्रतिनिधीची सही घ्यावी.